ला एस्पिगातला अबोला

मंगळवार, ४ मार्च

ऑफिसातला मायक्रोवेव्ह मेला. कुणीतरी चंदेरी कागदासकट काहीतरी आत ठेवलं. नाव कुणी सांगत नाही. डबा थंडगार, त्यात कालची शेवयांची खिचडी — घशाखाली उतरेना. शेवटी रस्ता ओलांडून ‘ला एस्पिगा’त गेले.

इतकी वर्षं विद्यापीठाच्या पार्किंगच्या खिडकीत बसतेय. ते दुकान रोज समोर दिसतं. पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. सगळी कॉलेजची पोरं. सकाळी ज्यांच्या गाडीवर दंड लावला, दुपारी त्यांच्याच मांडीला मांडी लावून जेवायचं म्हणजे जरा अवघडच!

दोन बुरीटो घेतले. एक घेवडा आणि चीजचा, एक लाल मिरचीत शिजवलेल्या डुकराच्या मटणाचा. उशीएवढे फुगवलेले नाहीत — सीमेपलीकडे, मेक्सिकोतल्या जुआरेझला करतात तसे, मुठीत मावणारे. पोळी पातळ, कडेला करपलेले ठिपके. रस कोपरापर्यंत ओघळला. स्वस्त, आणि पोट टम्म.

पण आज लिहायला बसले ते जेवणासाठी नाही. काउंटरवर एक बाई होती, साठी उलटलेली, केसांचा घट्ट अंबाडा. तिच्या मागे, हातभर अंतरावर, तव्याशी एक म्हातारा. बाई मला म्हणाली, “पोरी, त्या गृहस्थांना सांग, हिरवी मिरची संपत आलीय.”

मी मागे वळून पाहिलं. कोण गृहस्थ? तिनं हनुवटीनं तव्याकडे दाखवलं. मी सांगितलं. म्हातारा मान वर न करता म्हणाला, “त्या बाईंना सांग, मला डोळे आहेत.”

तेही सांगितलं. रांगेतलं कुणी हसलंसुद्धा नाही. जणू रोजचंच.

गुरुवार, ६ मार्च

मायक्रोवेव्ह अजून तसाच. मी तक्रार केलेली नाही.

आज खिडकीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यानं मला समोर बसायला सांगितलं. फेलिसितो. निवृत्त टपालवाला. रोज येतो, एक बटाट्याचा बुरीटो घेतो आणि दुकान पाहत तासभर चघळतो.

“नवरा-बायको आहेत,” तो म्हणाला. “ती लिब्रादा, तो निकानोर. बोलत नाहीत.”

“कधीपासून?”

“माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, त्याच्या आधीपासून.”

“आणि निरोप?”

“गिऱ्हाईक पोचवतं. पगार संपला तरी टपाल काही संपलं नाही माझं.”

“आणि घरी काय करतात?”

“घरी? भिंतींशी बोलत असतील.”

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच. एका घरात, एका दुकानात, दिवसभर पाठीला पाठ लावून — आणि शब्द नाही. भांडण तरी केवढं असेल?

शुक्रवार, ७ मार्च

ईस्टरआधीचा उपासाचा शुक्रवार, मटण नाही. चीज आणि भाजलेल्या हिरव्या मिरचीचा खाल्ला. डोळ्यांतून पाणी.

एफ्रेनचा फोन. नवरा माझा, टेक्सासात कामाला. तिकडेही वारा सुटलाय म्हणाला. इकडेही आहे म्हटलं. ट्रकचा पुढचा टायर बदलावा लागेल म्हणाला. बदल म्हटलं.

मंगळवार, ११ मार्च

अबोल्याची कारणं गोळा करतेय. खिडकीत बसून दिवसभर लोकांची कारणंच ऐकायची सवय — मशीन बिघडलं होतं, आजी आजारी होती, पाटी दिसली नाही. खरं-खोटं मला आवाजावरून कळतं. पण इथं कुणाचा आवाज खोटा वाटत नाही, आणि कारणं मात्र तीन!

फेलिसितो म्हणतो, निकानोरनं लिब्रादाच्या वडिलांची घोडी तिला न विचारता विकली.

शेजारच्या टेबलावरची एक विद्यार्थिनी म्हणते, छे, एका लग्नात तो दुसऱ्याच बाईबरोबर तीन गाणी नाचला. तिच्या मोठ्या भावानं तिला सांगितलं, त्याला त्याच्या खोलीतल्या मित्रानं.

पिठाची पोती आणून टाकणारा माणूस म्हणाला, “मीठ.” नुसतं एवढंच, आणि निघून गेला.

घोडी मला पटते. नाच जास्त पटतो. मिठावरून कोण अबोला धरतं?

बुधवार, १९ मार्च

वाऱ्यानं डोंगर दिसेनासे झाले. दातांखाली रेती. दुकानाचं दार कुणी उघडलं की आतले सगळे एकदम ओरडतात, “दार!”

एफ्रेन या शनिवारी येणार होता. येत नाही. जादा काम मिळालंय. मागच्या खेपेलाही मिळालं होतं. म्हटलं, बरं.

आज गर्दी कमी, म्हणून त्या दोघांकडे नीट पाहिलं. नवल आहे. ती मागे न पाहता हात लांब करते आणि तो त्याच क्षणी त्यात गरम पोळी ठेवतो. तिला खोकला आला, तर त्यानं पाण्याचा पेला काउंटरच्या कडेला सरकवला. ती प्याली. ना त्यानं पाहिलं, ना तिनं. मग मला म्हणाली, “त्या गृहस्थांना सांग, घेवडा पातळ झालाय.”

तो म्हणाला, “त्या बाईंना सांग, त्यांच्या आईचा याहून पातळ असायचा.”

मी पहिलं वाक्य पोचवलं, दुसरं गिळलं. लिब्रादाबाई म्हणाल्या, “अर्धाच निरोप आणलास. काय म्हणाला आईबद्दल?”

ऐकलं होतं की तिनं! तरी मला सांगायला लावलं.

शुक्रवार, २८ मार्च

दुकानात एक नवा माणूस. कोल्टर. इस्त्रीचा शर्ट, धूळ न लागलेले बूट — या वाऱ्यात! विद्यार्थ्यांसाठी उंच इमारती बांधणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा. हा कोपरा हवाय त्यांना. त्यानं नुसतं पाणी मागितलं.

“दुकान विकत घ्यायला आलाय आणि चव घेत नाही,” फेलिसितो माझ्या कानात म्हणाला.

मग कोल्टर आमच्याच टेबलावर येऊन बसला. गोड बोलतो. मालक-मालकीण खरंच बोलत नाहीत का, विचारलं. फेलिसितोनं छाती फुगवून घोडीची गोष्ट सांगितली. मला राहवलं नाही. म्हटलं, “एक शब्दही नाही. वर्षानुवर्षं. घरीसुद्धा नाही.” जसं काही मी त्यांच्या घरी राहते.

“घरीसुद्धा नाही,” कोल्टर म्हणाला, आणि मान हलवली. हळहळला असं वाटलं.

बुधवार, २ एप्रिल

कोल्टर आज माझ्या खिडकीशी. शिक्षकांच्या जागेत गाडी लावली, दंड झाला. म्हणे मशीननं नाणी गिळली. “अम्पारो, खरं सांगतो, अम्पारो, तुमच्यासारख्या समजूतदार बाईला पटेल, अम्पारो.” छातीवरच्या पट्टीवरून नाव वाचून तीनदा घेतलं. जो माणूस एका दमात तीनदा नाव घेतो तो थापा मारतो — माझा अनुभव. मशीन ठणठणीत होतं. दंड कायम ठेवला.

मंगळवार, ८ एप्रिल

दुपारी काउंटरपाशी उभी असताना ऐकलं. कोल्टर लिब्रादाबाईंना हळू आवाजात सांगत होता, “निकानोर तयार आहेत, लिब्रादा. त्यांनी सही केली. त्यांना कासास ग्रांदेसला भावाकडे जायचंय, लिब्रादा. फक्त तुमची सही राहिली, लिब्रादा.”

बाई हातातला बुरीटो कागदात गुंडाळत राहिल्या. गुंडाळून झाला होता, तरी गुंडाळत राहिल्या.

म्हणजे शेवटी तो सोडून चाललाय तिला? मला जेवण गेलं नाही. एफ्रेनच्या फोनवर सांगितलं तर म्हणाला, “तुला काय करायचंय लोकांचं?” खरंच. मला काय करायचंय? तरी विचार सुटत नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

तिचे बुरीटो सैल येतायत, घास घेतला की खालून सांडतात. त्याच्या पोळ्या करपतायत. निरोप कमी झालेत. आज तासभरात एकच: “त्या गृहस्थांना सांग, धूर झालाय.” त्यावर टोमणा नाही, काही नाही. “बरं” म्हणाला.

त्यांचे टोमणे थांबले तेव्हा कळलं, इतके दिवस मी जेवायला नाही, तेच ऐकायला येत होते.

रविवार, २० एप्रिल. ईस्टर

एफ्रेन काल आला, आज दुपारी गेला. बहुतेक वेळ झोपला. दमतो बिचारा. गोड पावाची खीर केली होती, चांगली झाली म्हणाला. बाहेर ट्रकपाशी जाऊन फोनवर बोलला — मुकादम सुट्टीलासुद्धा सोडत नाही म्हणे. आम्ही टायरबद्दल बोललो. माझ्या आईच्या गुडघ्याबद्दल बोललो. नवा टायर चांगला आहे.

त्यानं जाताना माझं नाव घेतलं, तीनदा. “काळजी घे, अम्पारो. येतो मी, अम्पारो. लवकरच, अम्पारो.” प्रेमानंच.

शुक्रवार, २५ एप्रिल

आज कोल्टर तव्यापाशी. लिब्रादाबाई मागच्या खोलीत पीठ मळत होत्या. मी चटणी घ्यायला वाकले होते, त्याला दिसले नाही. म्हणाला, “मागेच सांगितलं, बाईंनी सही केलीय, निकानोर. त्यांना अल्बुकर्कीला मुलीकडे जायचंय. फक्त तुमची राहिली. गुरुवारी कागद घेऊन येतो, निकानोर.”

चटणीची वाटी घेऊन मी तशीच उभी. तिला सांगितलं की त्यानं सही केली. त्याला सांगतो की तिनं केली. दोघांचीही एकच सही राहिलीय — मग झालेली सही कुणाची?

कुणाचीच नाही.

आणि त्याला हे जमतंय कारण ती दोघं एकमेकांना विचारणार नाहीत. हे त्याला कुणी सांगितलं? मी. “घरीसुद्धा नाही,” म्हणून.

फेलिसितोला विचारलं, “त्यांचं घर कुठं आहे?” टपालवाल्याला सगळी घरं पाठ. “कालव्यापलीकडे, निळं फाटक. पण जाऊ नकोस. दुसऱ्याच्या अबोल्यात पडू नये.”

रविवार, २७ एप्रिल

गेले.

चर्च सुटल्यावर थेट. रस्ताभर वाक्यं जुळवत होते — आधी तिला बाजूला घेऊन सांगेन, मग त्याला, दोन वेगळ्या खोल्यांत. निळ्या फाटकापाशी पोचले आणि आतून आवाज. दोन आवाज. एकाच वेळी.

अक्रोडासारख्या पेकानच्या झाडाखाली निकानोर खुर्चीवर, गळ्याभोवती चादर. मागे लिब्रादाबाई, हातात कात्री.

“गाभण आहे ती बकरी.”

“गाभण नाही, खादाड आहे.”

“तुला बकरीतलं काय कळतं?”

“बकऱ्यांतच वाढलो. तुझ्या माहेरच्या धरून.”

“मान हलवू नको, कान जाईल.”

“जाऊ दे एक. दोन्ही कानांनी तुझंच ऐकायचं म्हणजे जास्तच होतं.”

ती हसली! लिब्रादाबाई — खदखदून. त्यानं चादरीवरचे केस तिच्या अंगावर झटकले. मी फाटकाला धरून उभी. कुणीतरी मला जमिनीतून उपटून पुन्हा उलटी लावलीय असं वाटलं.

“तोंड मिट, पोरी, माशी जाईल,” बाई म्हणाल्या. “आणि आत ये.”

“तुम्ही — बोलता?”

“मग काय, लग्न कशाला केलं?” निकानोर म्हणाला.

मग कळलं. पूर्वी दोघं दुकानात दिवसभर भांडायची. मिठावरून. मीठ कुणी घातलं, कुणी दोनदा घातलं, कुणी घातलंच नाही. (पिठवाला खरा होता!) एकदा तिनं वाढायचा डाव फेकला, तो एका विद्यार्थ्याच्या ताटात पडला, पोरगं रडायला लागलं. ते भांडण घरी यायचं, उशीवर यायचं, सकाळी परत दुकानात जायचं. शेवटी मुलीनं सुनावलं — दुकानात एकमेकांशी एक अक्षर नाही, आणि घरी दुकानाचं एक अक्षर नाही. “त्या दिवसापासून सुखात आहोत,” बाई म्हणाल्या. “लोकांना काय समजायचं ते समजू दे. निरोप्यांमुळे गिऱ्हाईकही टिकतं.”

मीही हसले. मग आठवलं कशाला आले होते.

“पण तो कोल्टर —”

दोघांचे चेहरे एकदम मिटले. दार लावल्यासारखे.

“दुकानाचं घरी नाही,” बाई म्हणाल्या.

“नियम आहे,” तो म्हणाला.

आणि मला समजलं. ती दोघं बोलत होती, पण याबद्दल नाही. दोन-तीन आठवडे, बकरीबद्दल, शेजाऱ्यांबद्दल, पेकानच्या किडीबद्दल — सगळ्याबद्दल बोलली असणार. फक्त याबद्दल नाही.

“नियम गेला खड्ड्यात,” मी म्हटलं. असं मी मोठ्या माणसांशी कधी बोलत नाही. “तो तुम्हाला म्हणाला यांनी सही केलीय. यांना म्हणाला तुम्ही केलीय. मी दोन्ही ऐकलंय, माझ्या कानांनी.”

कात्री थांबली. बकरी तेवढी कुंपणापाशी काहीतरी चावत होती.

मग बाई म्हणाल्या, त्याच्या डोक्याकडे पाहत, “तुला भावाकडे जायचं नाही?”

“मला? तू मुलीकडे निघालीस ना?”

“मी कधी म्हणाले?”

“कपाटं रिकामी करत होतीस. वाटलं, बांधाबांध चाललीय.”

“ईस्टर होता, खुळ्या! ईस्टरला कपाटं आवरतात. पन्नास वर्षं आवरतेय.”

“मग मी भावाला फोन केला त्या दिवशी तू जेवली का नाहीस?”

“तू भावाला फोन केलास म्हणून!”

त्याच्या भावाला मुतखडा झाला होता. एवढंच.

बाई पालथ्या बादलीवर बसल्या. तो अर्ध्या कापलेल्या केसांनी, चादरीसकट, खुर्ची तिच्याकडे फिरवून बसला. “विचारायचं नाहीस का गं?” तो म्हणाला. ती म्हणाली, “आणि तू?” दोघांचेही डोळे भरले होते. मी पेकानच्या झाडाकडे पाहत राहिले.

निघताना बाई फाटकापर्यंत आल्या. “तू रोज एकटी जेवतेस. नवरा नाही?”

“आहे. तेलाच्या विहिरींवर कामाला. तिकडे टेक्सासात.”

“बोलता ना?”

“रोज. न चुकता.”

“काय बोलता?”

मी तोंड उघडलं. वारा, म्हणणार होते. टायर.

“घाई नाही,” त्या म्हणाल्या, आणि फाटक लावलं.

मंगळवार, २९ एप्रिल

दुकानात पुन्हा अबोला, पुन्हा निरोप. पण काय रंगात! “त्या गृहस्थांना सांग, त्यांचे केस एका बाजूला लांब दिसतायत.” “त्या बाईंना सांग, न्हावी अर्धवट काम टाकून पळाला.” मला हसू आवरेना. फेलिसितो संशयानं बघतोय.

त्याला काही सांगितलं नाही. लिब्रादाबाईंना वचन दिलंय.

गुरुवार, १ मे

आज पार्किंगची खिडकी तासभर बंद ठेवली. ‘लगेच येते’ अशी पाटी लावून.

कोल्टर कागद घेऊन आला, सोबत साक्षीदार एक मुलगी. भरगच्च दुपार, रांग दारापर्यंत. कोल्टर आधी काउंटरपाशी गेला आणि लिब्रादाबाईंसमोर पेन ठेवलं. बाईंनी पेन उचललं. मग तव्याकडे वळल्या — पूर्ण वळल्या, पाठ गिऱ्हाइकांकडे.

“निकानोर,” म्हणाल्या.

दुकान बंद पडलं. खरंच, घास तोंडाशी धरून पोरं थांबली. फेलिसितोच्या हातातून बटाटा पडला.

निकानोरनं उलथनं खाली ठेवलं, हात पुसले, तव्यामागून बाहेर आला. मी त्याला उभा कधी नीट पाहिलाच नव्हता. उंच आहे.

“बोल, लिब्रादा.”

“हे म्हणतात तू सही केलीस. केलीस का?”

“नाही. मला म्हणाले तू केलीस. केलीस?”

“नाही. विकायचं आहे तुला?”

“नाही. तुला?”

“गुडघे दुखले की वाटतं. पण यांना नाही.”

“मग झालं,” निकानोर म्हणाला. कोल्टरकडे वळला. आवाज चढवला नाही. “तुम्ही माझ्या बायकोला सांगितलंत की मी तिला सोडून चाललोय. दोन-तीन आठवडे तिच्या घशाखाली घास उतरला नाही. जा तुम्ही.”

कोल्टर म्हणाला, गैरसमज झाला. म्हणाला, “निकानोर, ऐका, निकानोर —” साक्षीदार मुलगीच आधी निघाली. दारात तिनं वळून विचारलं, “एक घेवडा-चीजचा मिळेल का, बांधून?”

बाईंनी दिला. तिच्याकडून पैसे घेतले, नेहमीचेच.

मग रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळेच वाजवायला लागले. निकानोर परत तव्यामागे गेला.

शुक्रवार, २ मे

फेलिसितो रुसलाय. “इतकी वर्षं मी पाय तोडत निरोप नेले. आणि घरी ही दोघं बकरीवर गप्पा मारतात!” त्याला आता सगळं कळलंय. मला म्हणाला, तूही त्यातलीच.

मी त्याला एक बटाट्याचा बुरीटो घेऊन दिला. खाल्ला. बोलला नाही. अबोल्याची लागण.

मंगळवार, ६ मे

एकदा बोललोच आहोत तर नियम कशाला, असं ठरवून दोघं सोमवारपासून दुकानात बोलतायत. आज दुपारी मिठावरून असं जुंपलं की रांगेतली तीन पोरं शेजारच्या पिझ्झाच्या दुकानात गेली. लिब्रादाबाई मला म्हणाल्या, “पोरी, त्या गृहस्थांना सांग, उद्यापासून तोंड बंद.”

“त्या बाईंना सांग, आत्तापासून.”

बरं वाटलं.

ऑफिसातला मायक्रोवेव्ह दुरुस्त झालाय म्हणे.

शनिवार, १० मे

पदवीदान. गाव भरून वाहतंय. आईबाप, आज्या, फुगे, चुकीच्या जागी लावलेल्या गाड्या. आज कुणालाही दंड करू नका असा हुकूम, म्हणून सुट्टीच.

एफ्रेन येणार होता. जादा काम. फोनवर सांगत होता आणि मी त्याचा आवाज ऐकत होते — शब्द नाही, आवाज. खिडकीत बसून ऐकते तसा. आजवर का ऐकला नाही?

दुसऱ्यांच्या घोड्या कुणी विकल्या ते विचारत गावभर फिरले. स्वतःच्या घरात एक प्रश्न विचारला नाही.

मंगळवार, १३ मे

संध्याकाळी एफ्रेनचा फोन. उकाडा वाढलाय म्हणाला. त्याचं वाक्य तोडून मी विचारलं, “एफ्रेन, तिथं तुझं कुणी आहे का?”

मग म्हणाला, “तुला कधीपासून माहीत आहे?”

मला माहीत नव्हतं. त्या क्षणी झालं.

मग आम्ही बोललो. लग्नानंतर इतकं कधीच बोललो नव्हतो. त्यानं तिचं नाव सांगितलं. गेल्या शरद ऋतूपासून, हेही. तो रडला, मी नाही. टायरचा विषय निघाला नाही. शेवटी म्हटलं, शनिवारी ये, तुझं सामान घेऊन जा. खरंच ये. आला नाहीस तर मी दारात ठेवते.

फोन ठेवला. आणि मला सपाटून भूक लागली होती.